तारेच्या आतलं हिरवं

नको, नको, त्या खुर्चीवर नको रावसाहेब — ती मोठ्या साहेबांची, म्हणजे तिला मान आहे, पण चौथा पाय नाही. या बाकावर बसा. हा टोचतो, पण मोडत नाही. सरकारी वस्तूकडून याहून जास्त काय मागायचं? तर तुम्ही सांगत होतात — लष्कराच्या खेचरांना हिरवा चारा हवा, पुण्याला कुणाच्या तरी कपाटात या गवतफार्मचं नाव सापडलं, म्हणून तुम्ही नंदुरबारपर्यंत आगगाडीनं, प्रकाशा गावाजवळ तापी ओलांडून शहाद्याला, आणि शहाद्याहून आमच्या नासिरच्या टांग्यात हाडं मोजत इथवर आलात. वैशाखात. लढाई चाललीय कुठं, खेचरं उभी आहेत कुठं, आणि त्यांचं पोट भरणार सातपुड्याच्या पायथ्याशी. असो, हुकूम आहे म्हटल्यावर मी काय बोलणार, जन्मभर हुकुमांच्या नकलाच केल्या. पण आधीच सांगून टाकतो, म्हणजे उन्हातला फेरा वाचेल — इथं काही नाही. होतं, आता नाही. समोर बघा ना. कुसळी, दगड, पुन्हा कुसळी, ती एक बाभूळ, आणि मग थेट डोंगर. गवताचं एक हिरवं पातं दाखवा आणि माझी टोपी घेऊन जा.

एक मिनिट हं. — नासिर, ए नासिर! घोडा आठेच बांध त्याले, लिंबडाना सावलीमा. मांगे लई जाऊ नको. मांगे काहीच नही शे. — माणूस चांगला आहे, पण टांगेवाला. घोड्याला जिथं सावली दिसेल तिथं हा. मागं नुसता उकिरडा आहे आणि पडकी विहीर आहे, जनावर उगाच पडायचं. तुम्ही चहा घ्या.

मी? मी अजीज. या फार्मचा कारकून. म्हणजे होतो, पेन्शनीत निघून बरीच वर्षं झाली, पण माझ्याकडून चार्ज घ्यायला कोणी आलंच नाही. फार्म बंद झाला, इंजिन गेलं, वळू गेले, साहेब गेले, आणि किल्ल्यांचा जुडगा राहिला माझ्या हातात. नियम असा की चार्ज दिल्याशिवाय जागा सोडायची नाही. मी लिहिलं, त्यांनी लिहिलं की कळवू. मी अजून वाट बघतोय. शहाद्यात घर आहे, मुलगा आहे, सून आहे, हलीमा — माझी बायको — तिथंच असते. अधूनमधून याच टांग्यातून येते, तुम्ही बसलात तिथं बसते, डोंगराकडं बघते आणि म्हणते, नोकरीत होता तेव्हा तर रोज सकाळी नोकरीला शिव्या घालून उठत होता, आता पगार बंद झाल्यावर हे प्रेम कुठून आलं? मी म्हणतो, चार्ज द्यायचाय. ती म्हणते, बरं. तिच्या त्या ‘बरं’मध्ये किती विश्वास असतो ते मला माहीत आहे. तुम्ही मघाशी टांग्यातून उतरलात ना, मला वाटलं, आला बुवा एकदाचा चार्ज घेणारा. अंगावर काटाच आला.

चहा कसा झालाय? गोड जास्त असेल, इथं गूळच असतो. — दूध? दूध होय... शेळीचं. शेळ्या काय, त्या दगडही खातात, बाभळीच्या शेंगा खातात, त्यांना चारा लागत नाही. दाट आहे खरं. शेळी चांगली आहे.

तुम्हाला ऐकायचंच असेल तर सांगतो, इतक्या लांबून आलात तर रिकाम्या हातानं जाऊ नये, निदान हकीकत तरी घेऊन जा. मोठे साहेब इथं आले तेव्हा मी तरणाताठा होतो आणि हा सगळा माळ मोकळा होता. डोंगरातल्या पाड्यांची गुरं पावसाळ्यात इथं उतरायची, पवन्या, मारवेल, जे काय चार महिने उगवायचं ते खायची. दिवाळीनंतर त्याचं वाळलेलं काड खायची. आणि होळी झाली की मग नुसती उभी राहायची. होळी ते पाऊस हे जे दिवस, त्यांत इथलं जनावर मरत नाही आणि जगतही नाही. साहेबांनी हे पाहिलं. हळवा माणूस, बरं का — घोडा लंगडला तर स्वतः उतरून चालायचे. ते समुद्रापलीकडच्या कुठल्या तरी ओसाड मुलखात राहून आले होते, तिथं म्हणे माळावर पाणी फिरवून गवत काढतात आणि उन्हाळाभर कापतात. त्यांनी ठरवलं, इथंही तेच. कल्पना वाईट नव्हती. कल्पना कधीच वाईट नसते, रावसाहेब. तिला जमिनीवर उतरवताना जमीन कुणाची असा प्रश्न निघतो, तिथं घोळ होतो. तर माळ सरकारचा निघाला. कागदावर होताच. काटेरी तार आली, खांब आले, आणि पाड्यांना दवंडी पिटून कळवलं की आता इथं प्रयोग होणार आहे, तरी गुरं आणू नयेत. दवंडी मराठीत होती. त्यांची बोली निराळी. मग मी जाऊन त्यांच्या बोलीत सांगितलं. मला ती येते — माझे वडील डोंगरात मीठ-मिरची, कापड घेऊन फिरायचे, मी बैलाच्या पाठीवर बसून सोबत असायचो, तिथंच शिकलो. म्हणून तर साहेबांनी मला कचेरीतून उचलून इथं आणलं. कारकून कमी आणि दुभाष्या जास्त.

विहीर खणली, सुरुंग लावून. तेलाचं इंजिन आलं, बैलगाडीवरून, वरात यावी तसं. पाट काढले, वाफे पाडले, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून गिनी गवताचे ठोंब आले, आगगाडीनं, पहिल्या वर्गाच्या दिमाखात. कळसाडीचे चुनीलालभाई पाहायला आले होते. गुजर पाटील, तापीकाठचं रान, ऊस, केळी, कापूस — ज्याच्या हातातून पाण्याचा थेंब वाया जात नाही असा माणूस. त्यांनी सगळं फिरून पाहिलं, इंजिनाला हात लावला, गवताला वाकून पाहिलं, आणि मला बाजूला घेऊन अगदी गंभीर तोंडानं विचारलं, अजीजभाई, गवताला पाणी देऊन झालं की सरकार बाभळींनाही देणार आहे का, म्हणजे आम्ही आमच्या बाभळी तोडायच्या थांबवतो. मी ते साहेबांना सांगितलं नाही. प्रत्येक गोष्टीचं भाषांतर करायचं नसतं, हे तेव्हा कळत होतं.

पण गवत आलं. हीच तर गंमत. चुनीलालभाई हसले, शहाद्याची कचेरी हसली, आणि गवत माणसाच्या खांद्याएवढं वाढलं. भर चैत्रात. तुम्ही कॉलेजात शिकलात, तुम्हाला नवल नाही वाटणार. पण इथं उभं राहून बघा — चहूकडं करडं, पिवळं, तांबडं, उन्हानं थरथरतंय सगळं, आणि तारेच्या आत तेवढा हिरवा तुकडा. हिरवा म्हणजे डोळ्यांत पाणी यावं असा हिरवा. पहाटे त्यातून वारा आला की ओसरीवर गारवा यायचा, वास यायचा, अजून... अजून आठवतो. ते गवत खायला सरकारी वळू आणून ठेवले होते, देखणे, काठेवाडाकडचे. साहेबांचा बेत असा की वळू गुबगुबीत होतील, ते पाहून लोक आपापल्या शेतात गवत लावतील. डोंगरातला माणूस कुठलं शेत लावणार आणि कुठल्या विहिरीचं पाणी सोडणार, हे बेतात नव्हतं.

काय? — घंटा? हां, ती. डोंगरातलं एखादं ढोर चुकून येतं इकडं. येतं, बघतं, जातं. मला तर आता ऐकूही येत नाही. — तर ते पहिलंच वर्ष, आणि नेमकं कसं निघालं बघा.

पाऊस त्या साली आला तो आषाढात तोंड दाखवून गेला. माळावर कुसळीसुद्धा धड उगवली नाही. पौषातच गुरांची हाडं वर आली. फाल्गुनात डोंगरातल्या काठी गावची होळी झाली — तिला लोक जातातच, पोटात काही असो नसो, ढोल बांधून रात्रभर नाचले — आणि परत आले ते थेट फार्मवर कामाला, कारण दुसरं काम नव्हतं. पाट काढायला तीच माणसं होती, ठोंब लावायला तीच, आता वाफ्यांत पाणी मोडायला तीच. आणि संध्याकाळी काम सुटलं की तीच माणसं तारेबाहेर जाऊन आपली ढोरं हाकायची, जी दिवसभर तारेला नाक लावून उभी असायची. होय, उभी असायची. गुराला तार कळत नाही, वास कळतो. सकाळी यायची, रांगेनं उभी राहायची, काही मान आत घालून बघायची, काटे टोचले की मागं घ्यायची, पुन्हा घालायची. कमलीबाई म्हणून एक होती — आहे... होती, तेव्हा होती — तिची एक तांबडी गाय, गळ्यात पितळेची घंटा. ती गाय इतरांसारखी हलायचीसुद्धा नाही. खांबाला टेकून उभी. कमलीबाई आत वाफ्यात पाणी मोडायची आणि गाय बाहेरून तिच्याकडं बघायची. मी या ओसरीवर बसून हजेरी मांडायचो. साहेबांनी एकदा विचारलं, ही गाय कुणाची, आजारी आहे का. मी म्हटलं, नाही साहेब, भुकेली आहे. ते म्हणाले, अरेरे. आणि त्यांना खरंच वाईट वाटलं, रावसाहेब, खोटं नाही बोलत. रात्री जेवले नाहीत. पण प्रयोग म्हणजे प्रयोग, एका गाईला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल.

तुम्ही म्हणाल, चोरून एक पेंढी बाहेर फेकायची. तीच तर गोष्ट आहे. कुणीच फेकली नाही. तार काही फार उंच नव्हती, राखणदारही त्यांच्यातलाच. पण एक काडी गेली नाही. मला वाटलं, सरकारचा धाक. मनात म्हटलं, वा, काय राज्य आहे. मग चैत्रात गवत कापणीला आलं, साहेबांनी विळे वाटले, आणि माणसांनी विळे घेतले, वाफ्यापर्यंत गेली आणि बांधावर ठेवून उभी राहिली. कापेनात. साहेब म्हणाले, मजुरी वाढवून पाहिजे का विचार. मी विचारलं. नाही म्हणाले. मग वीरसिंग पुढं आला, पाड्याचा पुजारा, म्हातारा, शांत माणूस. त्यानं सांगितलं की नव्या हिरव्याला पूजा झाल्याशिवाय विळा लावायचा नाही. त्यांची रीतच ती — पाऊस पडला, नवा चारा उगवला की आधी त्याची पूजा करायची, निलीचारी म्हणतात, आणि ती होईपर्यंत हिरवं पान तोडायचं नाही, गुराच्या तोंडाला लावायचं नाही. मी म्हटलं, अरे, पण पाऊस कुठाय, हा तर चैत्र. तो म्हणाला, तेच तर आम्हाला कळेना. हे गवत गेल्या वर्षाचं म्हणावं तर गेल्या वर्षाचं सगळं वाळलं. येत्या वर्षाचं म्हणावं तर वर्ष अजून आलं नाही. हे कुठल्या वर्षाचं गवत आहे, ते तुझ्या साहेबाला विचार.

विचारलं. शब्दाला शब्द. मला सांगा, तुमच्या कॉलेजात आहे का याचं उत्तर? — नाही ना. साहेबांच्याही नव्हतं. पण हुशार माणूस, पेचातून वाट काढायची सवय. म्हणाले, पूजाच हवी ना, मग करू, आत्ता करू, खर्च सरकारचा. मग काय, आणलं सगळं — बोकड, कोंबडे, नारळ, शेंदूर आणि मोहाची दारू. ही मोहाची कुठल्या सदरात घालायची हा माझ्यापुढं प्रश्न. शेवटी खतात घातली. द्रवरूप खत. वरून कोणी काही विचारलं नाही. उलट एकानं लिहिलं की खताचा परिणाम कळवावा. परिणाम सांगतोच तुम्हाला.

पूजेच्या आदल्या दिवशी कमलीबाईची गाय गेली. तिथंच, त्या खांबापाशी. सकाळी उभी होती, दुपारी बसली, संध्याकाळी मान तारेवर तशीच. कमलीबाई पाण्यावर होती. तिनं पाण्याची पाळी पुरी केली, पाटाचं बारं मोडलं, खोरं धुऊन जागेवर ठेवलं, आणि मग बाहेर गेली. रडली वगैरे नाही. गळ्यातली घंटा सोडून घेतली आणि पाड्याकडं चालू लागली. मला ती बोली येते, पण त्या बोलीत तेव्हा काय बोलायचं ते येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पूजा. सगळे पाडे आले. वीरसिंगनं वाफ्याच्या कडेला जागा सारवून घेतली, गवताची जुडी उभी केली, शेंदूर लावला, आणि साहेबांना बूट काढायला सांगितले. काढले बिचाऱ्यांनी, पांढरे पाय चिखलात. मग वीरसिंगनं विचारलं, आणि हे नीट ऐका रावसाहेब, त्यानं विचारलं की पूजा नेहमी पाड्याच्या नावानं होते, ही कुणाच्या नावानं? तू कुणासाठी करतोस? मी साहेबांना सांगितलं. आता साहेब म्हणजे सरकारी माणूस. त्यांनी जन्मभर उद्घाटनं केलेली. छाती पुढं काढली आणि म्हणाले, हे गवत लोकांचं आहे. सरकार फक्त राखण करतं. मी सांगितलं वीरसिंगला. तो म्हणाला, पुन्हा म्हणायला सांग. मी सांगितलं. साहेबांना वाटलं, वाक्य आवडलेलं दिसतंय. ते पुन्हा म्हणाले, आणखी मोठ्यानं, हात पसरून. वीरसिंगनं माझ्याकडं बघून विचारलं, खरं बोलतोय का हा? मी म्हटलं, बोलला तेच मी सांगितलं. मग त्यानं मोहाची धार सोडली, जमिनीवर, गवतावर, सगळ्यांच्या ओंजळीत. ढोल वाजले. साहेब खूश. मला म्हणाले, अजीज, या लोकांशी प्रेमानं वागलं की सगळं होतं.

आणि सकाळी गुरं आली.

गुरं म्हणजे — तुम्ही जत्रा पाहिलीय ना? तशी. डोंगराच्या प्रत्येक वाटेनं. शिंगांना गेरू लावलेला, गळ्यात सुतळीत ओवलेली पानं, हाडांचे नुसते सापळे, पण सजवून आणलेले. बायका गाणी म्हणत पुढं. तारेचं फाटक कमलीबाईनं उघडलं. तिला हाकायला काही नव्हतं, नुसती हातात घंटा घेऊन आली होती, फाटक उघडलं आणि बाजूला उभी राहिली. त्यांच्या रीतीत पूजा झाली की हिरवं सगळ्यांना मोकळं, ज्याचं जनावर त्याचं तोंड. लोकांचं गवत, राखण सरकारची — राखण करणाऱ्याला त्यांनी येता येता रामराम केला. साहेब रात्रीच्या कपड्यांत बाहेर आले, काय चाललंय ते दिसेना, म्हणून या खुर्चीवर चढून उभे राहिले. तेव्हाच तो पाय गेला. मी त्यांना उठवलं. ते म्हणाले, थांबव त्यांना, सांग त्यांना. मी म्हटलं, काय सांगू साहेब? काल आपण म्हणालात ते खोटं होतं, असं सांगू? ते मोडक्या खुर्चीवरच टेकून बसले, तोल सांभाळत, आणि बघत राहिले. दुपारपर्यंत जमीन दिसायला लागली. वळूही त्यांच्यातच मिसळून खात होते, त्यांना कोण वेगळं काढणार.

पोलीस बोलावले नाहीत त्यांनी. तेवढं त्यांच्या नावावर जमा आहे. वर कळवलं — जमीन मुरमाड असल्यामुळं प्रयोग फसला. जमिनीनं काही हरकत घेतली नाही. फार्म बंद झाला, तार गुंडाळून नेली, इंजिन नेलं, साहेबांची बदली झाली. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, मी जे बोललो ते तू नीट सांगितलंस ना? मी म्हटलं, फार नीट.

संपलं. एवढीच हकीकत. गवत त्याच दिवशी संपलं. — मुळं? मुळांचं काय... हो, ते बरोबर आहे तुमचं, गिनी गवत गुरांनी खाल्लं म्हणून मरत नाही. ठोंब जिवंत राहतो. उलट जितकं खावं तितकं फुटतं, नुसतं चार-आठ दिवसांनी पाणी दाखवलं आणि मोकाट न चारता पाळीपाळीनं सोडलं, आज या पाड्याची ढोरं, उद्या त्या, तर एक विहीर पाऊस येईपर्यंत सगळ्यांना — म्हणजे असं ऐकलंय. पाणीच कुठाय पण? इंजिन गेलं हे सांगितलं ना मी. मोटेनं काय होणार. बैल म्हातारा, आणि ती घंटा गळ्यात बांधल्यापासून तर तो स्वतःला नवरदेव समजतो, दोन फेऱ्या मारल्या की —

कुठली घंटा? मी घंटा म्हणालो? नाही, ती कमलीबाईची, तेव्हाची... जाऊ द्या. वय झालं, रावसाहेब. बोलताना आजचं-कालचं एकात एक होतं. तुम्ही आता निघा, ऊन वाढतंय, प्रकाशाला पोचेपर्यंत वाळू तापते. तुमच्या वरच्यांना कळवा — मुरमाड जमीन. जुनं कारण आहे, पूर्वी मंजूर झालेलं आहे, कोणी खळखळ करणार नाही. खेचरांना तापीकाठी कडबा मिळेल, चुनीलालभाईंकडं जा, माझं नाव सांगा, ते भावही बरा देतील. इथं पुन्हा तार आली तर... कशाला येईल म्हणा. काही नाहीच तर तार कशाला. डोंगरातली माणसं आता कुठं पाड्यावर टिकून राहायला लागलीत, आषाढात नांगराला बैल उभा राहतो त्यांचा. पूर्वी राहत नव्हता. उगाच आपलं सांगितलं. नासिर! — नासिर, टांगा जोड रे, साहेब निंघी ऱ्हायनात!

कुठं गेला हा? इथंच तर लिंबाखाली सांगितलं होतं त्याला. टांगा आहे, घोडा नाही. — बसा, बसा, मी बघतो, तुम्ही नका उठू. मागं काही — नासिर!

आला. तो बघा, आलाच कोपऱ्यावरून घोडा घेऊन, चला, बरं झालं, आता लगेच —

...

हो. दिसतंय मला. तोंडातून अशी लोंबतेय जुडी. ओली आहे. फेसही हिरवा. नासिर, तुले काय सांगेल व्हतं मी? — नाही, त्याला नका बोलू. त्याचा घोडा दर खेपेला खातो. हलीमा आली की तीच सांगते त्याला, जा, मागं ने.

टोपी माझी घ्यायची होती ना तुम्ही? ही घ्या.

चला. दाखवतो. किल्ल्या लागणार नाहीत, मागं कुलूप नाही. भिंतीकडेनं या, कुसळं लागतील धोतराला. बूट मात्र इथंच काढा — सकाळी पाणी सोडलंय, चिखल आहे, आणि कमलीबाई बूट घालून कोणाला वाफ्यात येऊ देत नाही, मलाही नाही. ती विचारील तुम्हाला, कोण, कशाला आलास. पूजा या वर्षीची चैत्रात झालीय, त्यामुळं दुसरं काही विचारायची नाही, एवढंच. उत्तर तुम्ही द्या. मी सांगेन तिला, शब्दाला शब्द, जसं तेव्हा सांगितलं तसं. पण जरा विचार करून बोला, रावसाहेब. इथं बोललेलं खरं धरतात.

मोजेसुद्धा काढा.